दलदलीचा रंग : प्राचीन जर्मानिक पोशाखाच्या पुनर्रचनेची चिकित्सा

1952च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीतील एकर्नफ्यॉर्ड गावाजवळ, विंडेबी नावाच्या इस्टेटीवर पीट काढण्याचे काम चालू होते. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. वाळवला की तो जळणाच्या कामी येतो. त्या थरात कामगारांना एक मानवी देह सापडला. कोवळ्या वयाचा, बारीक अंगकाठीचा. खांद्यांवर केसाळ कातड्याचे आखूड आवरण, डोळ्यांवर लोकरीची रंगीत पट्टी, आणि डोक्याच्या एका बाजूला केस जवळजवळ नाहीत. काही आठवड्यांनी तिथून थोड्याच अंतरावर दुसरा देह मिळाला. हा प्रौढ पुरुषाचा होता आणि त्याच्या गळ्याभोवती झाडाची फांदी पिळलेली होती.

एवढ्यावरून एक कथा उभी राहिली. पहिला देह चौदा वर्षांच्या मुलीचा. ती व्यभिचारी होती. शिक्षा म्हणून तिचे केस भादरले, डोळे बांधले आणि तिला दलदलीत बुडवले. दुसरा देह तिच्या प्रियकराचा. ही कथा कोणा कादंबरीकाराने रचलेली नव्हती. ती विद्वानांनी मांडली, संग्रहालयाने लावली आणि दोन पिढ्यांनी पाठ्यपुस्तकांतून वाचली. तिचा आधार होता रोमन इतिहासकार टॅसिटस. इसवी सन 98च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मानिया’ या छोट्या ग्रंथात तो सांगतो की या लोकांमध्ये व्यभिचारी पत्नीचे केस कापून, तिला विवस्त्र करून, नवरा गावातून फटके मारत हाकलतो. दलदलीत बुडवण्याच्या शिक्षेचा उल्लेख त्याच ग्रंथात दुसरीकडे, दुसऱ्या गुन्ह्यांसंदर्भात आहे. दोन्ही उल्लेख एकत्र शिवले की विंडेबीची मुलगी तयार होते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. कार्बन पद्धतीने कालमापन केल्यावर ‘प्रियकर’ त्या ‘मुली’च्या काही शतके आधीचा निघाला. कॅनडाच्या मानवशास्त्रज्ञ हेदर गिल-रॉबिन्सन यांनी देहाचा नव्याने अभ्यास केला, तेव्हा तो बहुधा सोळाएक वर्षांच्या मुलाचा असल्याचे दिसले. हाडांवर वाढ वारंवार खुंटल्याच्या खुणा होत्या. म्हणजे पोर आजारी, अर्धपोटी असावे. केस एका बाजूला कमी होते कारण तो भाग नीट टिकला नव्हता. आणि डोळ्यांवरची पट्टी? ती केस बांधायची पट्टी होती, सरकून खाली आलेली.

माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा मर्मबिंदू ती पट्टी आहे. ती ‘स्प्रँग’ नावाच्या तंत्राने केलेली आहे. या तंत्रात बाणा नसतोच. चौकटीवर ताणलेले धागेच एकमेकांत पिळत जातात आणि जाळीसारखी लवचीक वीण तयार होते. ताणली तर रुंद होते, सोडली तर आवळते. केस आवरायला याहून सोयीचे कापड नाही. म्हणजे ती वस्तू स्वतः काय आहे ते विणीतून सांगत होती. पण वाचणाऱ्यांसमोर दुसरे पुस्तक उघडे होते. कापडाकडे कोणी कापड म्हणून पाहिले नाही.

प्राचीन जर्मानिक पोशाखाच्या पुनर्रचनेचा इतिहास बऱ्याच अंशी अशाच वाचनाचा इतिहास आहे, आणि म्हणून तो केवळ पुरातत्त्वज्ञांचा विषय राहत नाही. तुटक संहिता हाती आल्यावर तिच्यातल्या रिकाम्या जागा कोणी, कशाच्या बळावर भरायच्या, हा प्रश्न साहित्याच्या वाचकाला नवा नाही.

आधी शब्दाचाच घोळ. ‘जर्मानिक’ हे नाव त्या लोकांचे स्वतःचे नव्हे. ऱ्हाइन नदीपलीकडच्या टोळ्यांना सीझर आणि त्याच्यामागून टॅसिटस ज्या नावाने ओळखत, ते हे नाव. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात जटलंडमध्ये मेंढ्या पाळणाऱ्या बाईला ‘तू जर्मानिक का?’ असे विचारले असते, तर तिला प्रश्नच कळला नसता. एकोणिसाव्या शतकात मात्र या नावाला फार मोठे काम लावले गेले. नवे जर्मन राष्ट्र घडत होते आणि त्याला पूर्वज हवे होते, तेही दिसण्याजोगे. डेटमोल्डजवळ 1875 साली रोमनांना हरवणाऱ्या आर्मिनिउसचा, म्हणजे हेर्मानचा, भव्य पुतळा उभा राहिला. त्याच्या शिरस्त्राणाला पंख आहेत. पुढच्याच वर्षी बायरॉइटमध्ये वाग्नरच्या ‘रिंग’ नाट्यमालिकेचा पहिला संपूर्ण प्रयोग झाला. त्याची वेशभूषा कार्ल एमिल डोप्लर यांची होती. संग्रहालये पाहून, अभ्यास करून त्यांनी ती केली होती. वाग्नरची पत्नी कोझिमा हिला मात्र ते कपडे पाहून अमेरिकेतल्या आदिवासी सरदारांची आठवण झाली, असे तिने रोजनिशीत नोंदवले. तिची नापसंती विसरली गेली. शिंगे आणि पंख राहिले. आजही व्यंगचित्रातला, जाहिरातीतला ‘प्राचीन उत्तरेचा वीर’ त्या रंगपटातूनच आलेला असतो.

त्याच सुमारास खरे कपडे जमिनीतून निघू लागले होते, किंबहुना आधीच निघाले होते. श्लेस्विग प्रांतातल्या ज्युडरब्रारुपजवळच्या थोर्सबेर्ग दलदलीत कोनराड एंगेलहार्ट या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने 1858 ते 1861 या काळात उत्खनन केले. ढाली, कमरपट्टे, चांदीसोन्याच्या वस्तू, रोमन बनावटीचे साहित्य असा मोठा साठा मिळाला, आणि त्याबरोबर लोकरी कपडे. पायमोज्यासारखे पाऊल जोडलेली विजार, लांब बाह्यांची बंडी, आणि एका भव्य शालीचे तुकडे. प्रांत तेव्हा डॅनिश राजाच्या ताब्यात होता. 1864च्या युद्धानंतर तो गेला आणि या वस्तूही अखेर प्रशियाला द्याव्या लागल्या. म्हणजे डॅनिश माणसाने शोधलेली विजार जर्मन पूर्वजांची विजार झाली. तिच्या धाग्यात काहीच बदलले नव्हते.

दलदल काय राखते आणि काय खाते, हे समजल्याशिवाय यापुढचे काहीच नीट कळणार नाही. आम्ल पाणी, प्राणवायूचा अभाव आणि शेवाळातली द्रव्ये यांमुळे लोकर, केस, कातडी, शिंग टिकतात, कारण ती प्रथिनांची बनलेली असतात. जवसाच्या झाडापासून काढलेले लिननचे धागे किंवा इतर कोणतेही वनस्पतिजन्य धागे त्याच आम्लात विरघळून जातात. क्षारयुक्त जमिनीत नेमके उलटे घडते. थोर्सबेर्गचे पाणी इतके आम्ल की तिथले लोखंडसुद्धा जवळपास नाहीसे झाले. तिथून फार दूर नसलेल्या नायडाम दलदलीत लोखंडी तलवारी आणि लाकडी नौका उत्तम राहिल्या. एकाच प्रकारचे लोक, एकाच प्रकारचे अर्पण. पण एका ठिकाणाहून आपल्याला कापडवाले लोक भेटतात आणि दुसरीकडून तलवारवाले.

याचा परिणाम साधा आणि दूरगामी आहे. दलदलीतून फक्त लोकर मिळाली म्हणून प्राचीन जर्मानिक माणूस फक्त लोकर आणि कातडी घालत होता, असे चित्र तयार झाले. 1950 साली डेन्मार्कमध्ये सापडलेल्या टोलुंड मानवाच्या अंगावर कातडी टोपी आणि पट्टा एवढेच होते. तो नग्न होता असे आपण सहज म्हणतो. पण त्याच्या अंगावर लिननचा सदरा असता, तरी आज त्याचा मागमूस उरला नसता. नग्नता ही इथे निरीक्षण नसून अनुमान आहे. टॅसिटसने बायकांच्या अंगावर लिननची वस्त्रे असतात असे लिहून ठेवले होते. ज्या विद्वानांनी शिक्षेच्या बाबतीत त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांनी या वाक्याकडे फारसे लक्ष दिले नाही, कारण ‘पुराव्यात’ लिनन नव्हते.

टॅसिटसला सरसकट मोडीत काढण्याचाही मोह होतो, तो आवरायला हवा. सुएबी टोळ्यांचे पुरुष केसांची एका बाजूला विशिष्ट गाठ मारतात, असे तो सांगतो. 1948 साली ओस्टरबी इथे एक मस्तक मिळाले, आणि त्याच्या उजव्या बाजूला ती गाठ जशीच्या तशी होती. इथे रोमन लेखक बरोबर ठरला. पण याच मस्तकाची दुसरी गोष्ट आहे. ते प्रदर्शनासाठी सिद्ध करताना त्याला खालचा जबडा बसवला गेला, आणि तो दुसऱ्याच माणसाचा असल्याचे पुढे लक्षात आले. अनेक वर्षे लोक एकाच चेहऱ्याकडे पाहत होते, प्रत्यक्षात ते दोघांचे चेहरे होते.

आता हुल्ड्रेमोसेच्या बाईकडे येतो. या सगळ्या विषयात माझे मन सर्वांत जास्त रमते ते हिच्यापाशी. 1879 साली पूर्व जटलंडमधल्या राम्टेनजवळ पीट काढताना ती सापडली. चाळिशी उलटलेली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तिच्या अंगावर चौकड्यांचा लोकरी घागरा होता, कमरेला बारीक चामडी वादीने आवळलेला. गळ्याभोवती सुमारे 140 सेंटीमीटर लांब आणि 50 सेंटीमीटर रुंद लोकरी वस्त्र होते, डाव्या काखेखाली पक्ष्याच्या हाडाच्या टाचणीने अडकवलेले. वर कातड्याची दोन आवरणे, एकावर एक. संपूर्ण पोशाख, जागच्या जागी, एकाच व्यक्तीच्या अंगावर. हे फार दुर्मीळ आहे.

शंभराहून अधिक वर्षे हा पोशाख तपकिरी होता. संग्रहालयात तपकिरी, पुस्तकात तपकिरी, आणि त्यावरून केलेल्या नकलांमध्येही तपकिरी. लोकरीचा मूळ रंगच वापरत असतील, रंगवण्याची कला त्यांना कुठून येणार, असे गृहीत होते. या गृहीतकात एक जुनी उतरंड दडलेली आहे: रंग भूमध्यसागराचा, तपकिरी उत्तरेची. रोमन लेखकाचा तुच्छभाव आणि जर्मन राष्ट्रवाद्याचा ‘साध्या, निर्मळ पूर्वजां’चा अभिमान, या दोन विरुद्ध भावनांना तपकिरी रंग सारखाच सोयीचा होता. मग 2009च्या सुमारास इरेन फान्डेन बेर्ख, मार्गारिटा ग्लेबा आणि उल्ला मानरिंग यांनी डॅनिश दलदलींतील कापडांचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले. बहुसंख्य कापडांमध्ये वनस्पतिजन्य रंगद्रव्यांचे अंश मिळाले. हुल्ड्रेमोसेच्या बाईचा घागरा मुळात निळा होता आणि गळ्यातले वस्त्र लाल. तपकिरी होती ती दलदल.

तिच्या त्वचेवर आणखी काही होते. साध्या विणीच्या कापडाचा ठसा. कापड स्वतः गेले, ठसा राहिला. म्हणजे लोकरीच्या आत तिने वनस्पतिजन्य धाग्याचे अंतर्वस्त्र घातले होते, कदाचित नेटलच्या धाग्याचे. नेटल म्हणजे अंगाला लागली की आग होणारी ती रानटी झुडुपे. त्यांच्या देठातून चांगला बारीक धागा निघतो. कारिन फ्राय यांनी धाग्यांमधल्या स्ट्रॉन्शिअम या मूलद्रव्याचे मापन केले. मेंढी जिथे चरते तिथल्या खडकांची खूण लोकरीत उतरते. काही धागे डेन्मार्कच्या जमिनीतले नव्हतेच; ते भूगर्भदृष्ट्या बऱ्याच जुन्या खडकांकडे, नॉर्वे-स्वीडनच्या दिशेला बोट दाखवत होते. या पद्धतीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. शेतात घातलेला चुना पाण्यात मिसळून स्थानिक मोजमापच बदलतो, असे एरिक थॉमसेन आणि रास्मुस आंद्रेआसेन यांनी 2019 साली मांडले. हा वाद अजून जिवंत आहे आणि तो असायला हवा. तरीही ‘आपल्या मातीतल्या मेंढीची लोकर, आपल्या मातीतली बाई’ हे गोड समीकरण आता पूर्वीइतक्या सहजपणे मांडता येत नाही.

याच दलदलीतून 1896 साली आणखी एक वस्त्र निघाले, देहाविना. साधारण 1.7 मीटर उंच आणि 2.6 मीटरहून अधिक घेराची लोकरीची नळीच ती. बाजूला शिवण नाही. मार्ग्रेथे हाल्ड यांनी 1950 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा कापडांचे तंत्र उलगडले. दोन आडव्या दांड्यांभोवती ताणा गोल फिरवायचा, विणत जायचे, आणि शेवटी कापड मागावरून उतरते ते नळीच्याच आकारात. हाल्ड केवळ ग्रंथालयात बसून लिहिणाऱ्या नव्हत्या. हाताने करून पाहिल्याशिवाय त्या बोलत नसत, आणि ते त्यांच्या वाक्यावाक्यात जाणवते. पण ही नळी अंगावर कशी घालत? संग्रहालयांत ती खांद्यांवर दोन पिनांनी अडकवून, वरचा काठ बाहेर दुमडून, कमरेला पट्टा बांधून दाखवतात. म्हणजे ग्रीक पेप्लोससारखी. तशी ती घालतही असतील. रोमन शिल्पांतल्या उत्तरेकडच्या बायकांच्या अंगावर असे वस्त्र दिसते. पण नळी सापडली तेव्हा तिच्यासोबत बाई नव्हती. ही जोडणी आपली आहे. एखाद्या नऊवारीची घडी दोन हजार वर्षांनी कोणाला जमिनीत मिळाली, तर ती कशी नेसायची हे त्या घडीवरून कळेल का? कापड आणि पोशाख यांच्यामध्ये नेसणे असते, आणि ते पुरले जात नाही.

थोर्सबेर्गच्या बाबतीत हाच प्रश्न जास्त अवघड होतो. श्लेस्विगच्या संग्रहालयाची ही विजार शिवणकामाचा नमुना म्हणून थक्क करते. मागच्या बाजूला वेगळा जोड दिलेला, चालता-बसताना ओढ बसू नये म्हणून. कमरेला पट्टा ओवायला फासे. पायांना जोडलेली पावले. घोड्यावर बसणाऱ्या माणसाची विजार आहे, असे कोणीही शिंपी सांगेल. टॅसिटस म्हणतो की त्यांच्यातले श्रीमंत अंगाला घट्ट बसणारे कपडे घालतात. ते इथे पटते. शालीच्या काठांना पट्टी-विणकाम आहे. चौकोनी पातळ फळ्यांच्या चार कोपऱ्यांना भोके पाडून त्यांतून धागे ओवतात आणि फळ्या फिरवत विणतात. शेकडो धागे सांभाळत असा रुंद काठ काढणारा हात सामान्य नव्हता, आणि तो निळा रंगही फुकट मिळत नव्हता.

नॉयम्युन्स्टर या कापडगिरण्यांच्या गावातल्या कार्ल श्लाबोव यांनी या कपड्यांच्या नकला विणल्या, शिवल्या आणि पुतळ्यांवर चढवल्या. विजार, बंडी, शाल. झाला जर्मानिक सरदार. तो पुतळा किती पुस्तकांत छापला गेला याची गणती नाही. श्लाबोव यांच्या कारागिरीबद्दल मला आदर आहे. त्यांनी काढलेले विणीचे नकाशे आजचे अभ्यासकही वापरतात. अडचण त्या कारागिरीत नाही. थोर्सबेर्गची दलदल हे कोणाचे कपड्यांचे कपाट नव्हे. शत्रूचा पराभव केल्यावर त्याची हत्यारे, दागिने, कपडे मोडून-फाडून देवाला अर्पण केले जात, त्या अर्पणांचे ते ठिकाण आहे, आणि तिथे असे अर्पण अनेक पिढ्या होत राहिले. तेव्हा विजार एकाची, बंडी दुसऱ्याची, शाल तिसऱ्याची असण्याची शक्यताच जास्त. आणि हे तिघेही बहुधा त्या भागातले नव्हतेच. हरलेले परके होते. त्या पुतळ्याच्या रूपाने आपण ज्याला ‘स्थानिक पूर्वज’ म्हणून पाहतो, तो कदाचित स्थानिकांनी ज्यांना मारले त्यांच्यापासून जोडून केलेला माणूस आहे.

श्लाबोव यांच्या 1937 सालच्या पुस्तकाचे नाव ‘कांस्ययुगातील जर्मानिक विणकर’ असे आहे. कांस्ययुगातील! म्हणजे टॅसिटसच्या हजारभर वर्षे आधीचे लोक. एग्टवेद इथे 1921 साली ओकच्या खोडातल्या शवपेटीत सापडलेली मुलगी इसवी सनापूर्वी 1370ची. तिचा दोरांचा आखूड घागरा पाहून त्या वेळी सभ्य लोक अस्वस्थ झाले होते. तिला ‘जर्मानिक’ म्हणणे म्हणजे नाव मागे मागे ताणत नेणे. 1937 साली जर्मनीत हे ताणणे निरुपद्रवी नव्हते. हिमलरच्या छत्राखालची ‘आनेनएर्बे’ ही संस्था त्याच काळात पूर्वजांचा वारसा ‘सिद्ध’ करण्यात गुंतली होती. ‘जर्मानिया’ची एक जुनी हस्तलिखित प्रत इटलीत होती, ती मिळवण्यासाठी 1943 साली एसएसचे सैनिक आंकोनाजवळच्या एका वाड्यात घुसले आणि रिकाम्या हाताने परतले. एका रोमनाने, बहुधा स्वतः न पाहिलेल्या प्रदेशाविषयी लिहिलेली तीसएक पाने! त्यांच्यासाठी सैनिक धाडणाऱ्या राजवटीत पूर्वजांची विजार ही नुसती विजार राहू शकत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर विषयाचा सूर उतरला. मोठ्या कहाण्यांची जागा मोजणीने घेतली. लीसे बेंडर यॉर्गेनसन यांनी उत्तर युरोपभरच्या हजारो लहानमोठ्या तुकड्यांची नोंद केली: एका सेंटीमीटरमध्ये किती धागे, पीळ उजवा की डावा, वीण कोणती. 1992 साली हे काम ग्रंथरूपाने आले. वाचायला रूक्ष, पण त्यातून जे दिसते ते कोणत्याही पुतळ्यातून दिसले नव्हते. सूत कातताना चाती कुठल्या दिशेने फिरवायची हे हाताला लहानपणी लागलेले वळण असते. ते सहजासहजी बदलत नाही. डेन्मार्कमध्ये रोमनपूर्व काळात ताणा-बाणा दोन्ही एकाच पिळाचे, आणि रोमन काळात दोन विरुद्ध पिळांचे होतात. म्हणजे कातणाऱ्या असंख्य बायकांच्या बोटांत काहीतरी बदलले. सुझान म्योलर-वीरिंग यांनी 2011च्या ग्रंथात थोर्सबेर्गसह युद्धार्पणांच्या दलदलींतील कापडे पुन्हा तपासली. सरदाराच्या पुतळ्यापेक्षा तुकड्यांची ती यादी मला जास्त बोलकी वाटते. कबरींमधल्या धातूच्या पिनांवर गंजाबरोबर दगड बनून बसलेले नखाएवढे कापडही आता वाचले जाते. पेनेलोपी वॉल्टन रॉजर्स यांनी याच मार्गाने इंग्लंडला गेलेल्या अँग्लो-सॅक्सनांच्या पोशाखाचा अभ्यास केला. पिनेच्या मागचे कापड, पुढचे कापड, खांद्यावरचे, छातीवरचे, थरावर थर.

आणि करून पाहणारे आले. एक हिशेब मांडून पाहू. सेंटीमीटरला दहा ताणे आणि दहा बाणे असे मध्यम कापड धरले, तर एक चौरस मीटरला दोन किलोमीटर सूत लागते. हुल्ड्रेमोसेच्या नळीएवढे वस्त्र साडेचार चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे नऊ किलोमीटर. हाताच्या चातीवर तासाला चाळीस-पन्नास मीटर निघते असे धरले, तर नुसते कातायलाच दोनशे तास. त्याआधी मेंढीची लोकर उपटणे, धुणे, विंचरणे. त्यानंतर ताणा लावणे, विणणे, रंगवणे. हा आकडा एकदा मनात बसला की ‘रानटी टोळ्या’ हे शब्द तोंडातून निघणे कठीण. टॅसिटसने मात्र या श्रमाबद्दल अवाक्षर काढलेले नाही. पुरुष लढतात आणि आळसात पडून राहतात, एवढे त्याला दिसले.

नॉर्वेच्या लेंडब्रेन खिंडीत 2011 साली वितळत्या बर्फातून एक लोकरी बंडी मिळाली. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातली. तिच्या पुनर्रचनेत पुरातत्त्वज्ञ मारियाने वेदेलर यांच्या बरोबरीने लेना हामारलुंड या विणकर होत्या, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. मूळ लोकर जुन्या जातीच्या मेंढीची. तिच्या अंगावर वरचे लांब राठ केस आणि आतली मऊ लव असे दोन थर असतात. आजच्या गिरणीची एकसारखी लोकर घेऊन धाग्यांची संख्या तंतोतंत जुळवली, तरी कापड वेगळेच होते. वेगळे पडते, वेगळे झिजते. जुन्या कापडाला हात लावून ‘हे घट्ट आहे की सैल, तुळतुळीत की केसाळ’ असे सांगणे पूर्वी अशास्त्रीय मानले जाई. हामारलुंड यांनी त्या स्पर्शालाच शिस्त लावली.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते, आणि तिचा धागा खरोखरच जर्मनीला जाऊन भिडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर हे बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झाले होते. जर्मन पाठचिकित्सेची ती परंपरा. त्या चिकित्सक आवृत्तीत जिथे पाठ पुरेसा निश्चित नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ असते. संपादक श्लोक देतो, तो वाचता येतो, पण इथे पाय जपून टाका असेही त्याच जागी, त्याच क्षणी सांगतो. तळटीप शोधायला लागत नाही.

ज्या देशाने हे शिकवले, त्याच देशातल्या पुतळ्यांना ती रेघ नव्हती, ही माझी मुख्य तक्रार आहे. पुतळा अर्धा राहू शकत नाही, हे मान्य. छापील पानावर गाळलेली जागा दाखवता येते. माणसाच्या आकृतीला विजारीच्या वर काहीतरी घालावेच लागते. तरी मार्ग आहेत. निश्चित भाग रंगीत सुतात आणि अनुमानाचा भाग बिनरंगी सुतात विणता येईल. एकाच नळीचे दोन पुतळे, दोन तऱ्हांनी नेसवलेले, शेजारी शेजारी ठेवता येतील. टोलुंड मानवाच्या अंगावर, असू शकणारा पण पुरावा नसलेला सदरा नुसत्या पारदर्शक जाळीने दाखवता येईल. हे प्रेक्षकाला गोंधळात पाडेल असा आक्षेप संग्रहालयवाले घेतात. विंडेबीच्या ‘मुली’ने प्रेक्षकाला मुळीच गोंधळात पाडले नव्हते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

उलट टोकाचाही धोका आहे. ‘काहीच निश्चित नाही, तेव्हा पुनर्रचनाच नको’ असे म्हणणारे शुद्धिवादी मला पटत नाहीत. विजार शिवून घोड्यावर बसल्याशिवाय मागच्या जोडाचे कारण कळत नाही. निळा घागरा आणि लाल उपरणे प्रत्यक्ष अंगावर पाहिल्याशिवाय दोनशे वर्षांचा तपकिरी डोळ्यांवरून उतरत नाही. चूक होण्याच्या भीतीने तुकडे कपाटातच ठेवले, तर मोकळ्या जागेत वाग्नरची शिंगे परत येतात. आज राजकीय मोर्च्यांत आणि उत्सवांत ‘जर्मानिक पोशाख’ म्हणून जे मिरवले जाते ते पाहता, ही भीती काल्पनिक नाही.

हुल्ड्रेमोसेच्या बाईच्या आतल्या कातडी आवरणाची नक्कल करायला बसणाऱ्याला एक निर्णय घ्यावा लागतो. ते आवरण लहान कोकरांच्या कातड्यांचे आहे, खूप वापरलेले, आणि त्यावर 22 ठिगळे आहेत. नवे कोरे करायचे, की ती मेली तेव्हा होते तसे, ठिगळांसकट? नवे केले तर ते तिचे राहत नाही. ठिगळांसकट केले तर प्रत्येक ठिगळ का लावले ते शोधावे लागते. एका ठिगळाखाली भोक नव्हतेच. ते उसवल्यावर आत प्राण्याच्या मूत्राशयात गुंडाळलेल्या तीन वस्तू मिळाल्या: शिंगाहाडाची एक बारीक फणी, चामड्याची वादी, आणि केस बांधायची निळी अरुंद पट्टी.